टाचणीताई आणि शिडीचं पान

टाचणीताईंच्या कॉलरला बारा महिने टाचण्या खोवलेल्या असत. कामावर तर असतच, पण घरी भाजी चिरतानाही असत. नवरा म्हणे, "हिच्या शेजारी बसायचं म्हणजे आधी परवानगी काढावी लागते." त्यावर ताई म्हणत, "टोचायला टाचणीच कशाला लागते? तुमच्या बहिणीची जीभ आहे की घरात."

ही बहीण म्हणजे ताईंच्या वन्सं. लग्न केलेलं नाही, कुणाचं ऐकायची सवय नाही, आणि हातात ब्रश आला की भल्याभल्यांना गप्प बसवायच्या. दोघी एकाच घरातून निघत, एकाच बसने जात, वाटेत भांडण उरकून घेत आणि एकाच दारातून कामावर शिरत. टाइल्सच्या दुकानावरच्या मजल्यावर एक मॉडेलिंग एजन्सी होती. वन्सं तिथे केस आणि मेकअप बघत. बाकीचं सगळं ताई बघत, असं ताईंचं म्हणणं. वन्संचं म्हणणं वेगळं होतं.

एजन्सीचं वर्षातून दोनदा एक मासिक निघे. दोनदा निघणाऱ्याला मासिक का म्हणायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. प्रत्येक मॉडेलला त्यात एक पान मिळे. कपडेवाले, जाहिरातवाले, बूट आणि घड्याळं विकणारे ते चाळत आणि बोट ठेवून सांगत, ही पाठवा, तो पाठवा. ज्याचं पान नाही, त्याला पुढचा अंक निघेपर्यंत घरी बसावं लागे. कुणाचा फोटो कुठे काढायचा, कोणत्या कपड्यात, किती वाजताच्या उन्हात, आणि मग तो पानावर कसा बसवायचा, हे सगळं ताई ठरवत.

यातलं बरंचसं काम पाठीमागे चाले. कपडे एका मापाचे येत, माणसं दुसऱ्या मापाची असत. मग ताई मागच्या बाजूने टाचण्या आणि चिमटे लावून अंगरखा असा आवळत की समोरून बघणाऱ्याला वाटावं, याच अंगासाठी शिवलाय. "समोरून राणी, मागून दोरीवर वाळत घातलेले कपडे," असं वन्सं म्हणत.

ताईंचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. पानावरच्या माणसाने पुस्तकात बघायचं. डाव्या पानावरच्याने उजवीकडे आणि उजव्या पानावरच्याने डावीकडे. "बाहेर बघणारा माणूस वाचणाऱ्याला सांगतो, चला, इथे काही नाही," असं त्या म्हणत. घरी भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता, त्यात ते गॅलरीकडे बघत. ताईंनी तो समोरच्या भिंतीवर हलवला. नवरा म्हणाला, "बाबा जिवंत असताना त्यांना घरात बसवायला कुणाला जमलं नाही. तू आता जमवलंस."

शिडी ही ताईंनीच शोधलेली मुलगी. एका टपाल कचेरीत ताई रांगेत उभ्या होत्या. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं होतं. रांगेतली एक मुलगी बाहेर आली, स्टूल न घेता हात वर केला आणि काटा पुढे सरकवून परत रांगेत उभी राहिली. ताईंनी आपला नंबर सोडला आणि तिला गाठलं. एजन्सीत आल्यावर पहिल्याच दिवशी तिचं नाव शिडी पडलं. ते तिला आवडलंही, कारण शाळेत याहून वाईट नावं होती.

मुलगी गुणी होती. वेळेवर यायची, कुरकुर करायची नाही, कॅमेऱ्यासमोर झाडासारखी सहज उभी राहायची. अडचण एकच होती. स्वतःचा फोटो पाहिला की तिचा चेहरा पडे.

"ही मी नाही," ती म्हणे.

"मग कोण, तुझी मावशी?" वन्सं विचारत.

"तोंड वाकडं दिसतंय. भुवई भलतीकडे चढलीय. आरशात मी अशी नसते हो."

एजन्सीचा नियम असा होता की छापण्याआधी प्रत्येकाने आपल्या पानावर होकाराची सही करायची. गेल्या अंकाच्या वेळी शिडीने सही केली नाही. पान गेलं, आणि त्याबरोबर सगळं कामही गेलं. या वेळी मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "या अंकात सही नसेल, तर तिला माझा नमस्कार सांगा." शिडीनेही मनाशी ठरवून टाकलं होतं. तिच्या मामाचं चष्म्याचं दुकान होतं, तिथे काउंटरवर तिची जागा तयार होती. "मामा म्हणतो, वरच्या फळीसाठी तुझ्यासारखंच माणूस हवंय," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण ताईंना ते हसणं काही बरं वाटलं नाही.

म्हणून या वेळच्या शूटची आखणी ताईंनी जिवावर घेऊन केली. थंडीचा अंक ऐन उन्हाळ्यात तयार करावा लागतो, हे या धंद्यातलं पाप. एका जुन्या ग्रंथालयाचा रुंद जिना त्यांनी सुट्टीच्या दिवसापुरता मागून घेतला. उंच खिडकीतून सकाळचं ऊन पायऱ्यांवर तिरकं उतरतं, ते त्या आदल्या आठवड्यात जाऊन बघून आल्या होत्या. शिडीला लांब लोकरी कोट घातला, मागून चिमटे लावले, मानेमागे ओला पंचा खोचला.

"ताई, मी आतून शिजतेय."

"शीज, पण घाम येऊ देऊ नकोस. कोट परत द्यायचाय."

"म्हणे घाम येऊ देऊ नकोस!" वन्सं पावडरीचा पफ घेऊन धावल्या. "वहिनी, घाम काय तुला विचारून येतो? याच्यापेक्षा भिंतीला रंग देणं बरं. भिंत निदान हसत तरी नाही."

फोटोग्राफरला सगळे शेवटचाच म्हणत. प्रत्येक फोटोआधी तो सांगे, "हा शेवटचाच हं."

"मगाशीही शेवटचाच होता," शिडी म्हणाली.

"मगाशी त्या पायरीवरचा शेवटचा होता. हनुवटी खाली. खिडकीकडे बघ. अस्सं. हलू नको, हा शेवटचाच!"

त्यातला एक फोटो खरोखरच उतरला. कठड्यावर एक हात, डोळे खिडकीकडे, आणि ओठांवर आत्ता काहीतरी बोलेल असा भाव. ताईंनी मनात पान तिथेच लावून टाकलं. शिडीने कॅमेऱ्याच्या मागे येऊन पाहिलं आणि मान खाली घालून चिमटे सोडवायला लागली.

"राहू दे, ताई," एवढंच म्हणाली.

पानं जुळवताना ताईंना कळलं की घोळ झालाय. शिडीला डावं पान आलं होतं, आणि फोटोत ती डावीकडे बघत होती. म्हणजे थेट पुस्तकाबाहेर. समोरच्या पानावर जाहिरातीत आजोबा होणारे गृहस्थ होते, ते शहाण्यासारखे आत बघत होते. अदलाबदल केली असती तर ते बाहेर बघायला लागले असते. बाकीची पानं जुळून बसली होती. छापखान्याचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना जे करू दिलं नव्हतं ते केलं. फोटो आरशात दिसावा तसा उलटा फिरवून टाकला. डावं ते उजवं झालं, शिडी पुस्तकात बघू लागली, पान सुरेख दिसायला लागलं. 'कोण बघतंय,' ताईंनी स्वतःला सांगितलं.

सकाळी शिडी सहीला आली. मामाकडे जायच्या तयारीनेच आली होती. केस घट्ट बांधलेले, खांद्याला पिशवी. ताईंनी पान पुढे केलं. तिने पाहिलं. पिशवी खाली ठेवली. पान उचलून खिडकीशी नेलं.

"ताई," ती म्हणाली, "ही मी आहे."

"मग इतके दिवस कोण होती?"

"खरंच, ही मी आहे! तोंड बघा, कसं सरळ आहे! शेवटचाचने या वेळी काय केलं हो?" आणि तिने अशी झोकात सही केली की शेपूट पार समासाबाहेर गेलं.

ताईंनी पान चटकन काढून घेतलं. मग म्हणाल्या, "छान. जा, चहा घे."

मालकीणबाईंनी पान हातभर लांब धरलं. जवळ आणलं. परत लांब धरलं. "पान सुंदर आहे. पण काहीतरी खटकतंय."

शेवटचाच त्यांच्या खांद्यावरून डोकावला. "हा फोटो मी काढलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काढलाय मीच, पण असा नाही." त्याने बोट ठेवलं. "कोटाची बटणं बघा. बाईच्या कोटाचा पुरुषाचा कोट झालाय. आणि तिचा तीळ घर बदलून पलीकडे राहायला गेलाय."

"तुमचं आपलं काहीतरीच," वन्सं म्हणाल्या. "मला तर पान एकदम बरोबर वाटतंय. रोज दिसते तश्शीच दिसतेय."

मालकीणबाईंनी ताईंकडे पाहिलं. "ताई, फोटो उलटा फिरवलात? तुम्ही?"

ताईंनी कॉलरवरची एक टाचणी काढली आणि परत तिथेच खोवली. "फिरवला. ती बाहेर बघत होती."

"बघू दे की! आपल्या मासिकात जे दिसतं तेच गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहिलं पाहिजे, हे तुम्हीच नव्या मुलांना शिकवता. सरळ करा, आणि सरळ पानावर तिची सही घ्या. छापखान्याचा माणूस यायच्या आत. नसेल करत तर पान काढा."

ताई जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. सरळ पान दाखवलं की मुलगी मामाकडे जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि तिने ज्या पानावर आनंदाने सही केली, ते खोटं होतं. नियम एकीकडे, मुलगी दुसरीकडे, मधे आपण केलेला शहाणपणा. त्यांना वन्संचा राग आला. सगळ्यांना पान खटकलं आणि हिला म्हणे एकदम बरोबर! शिडीला आवडलं ते एक वेळ ठीक, पण हिला? हिला रोज तश्शीच कुठे दिसते ती?

आणि मग ताई तशाच मेकअपच्या खोलीकडे निघाल्या. वन्सं नेहमीसारख्या खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. खुर्चीत शिडी बसली होती. दोघी गप्पा मारत होत्या, पण एकमेकींकडे बघत नव्हत्या. दोघी समोरच्या मोठ्या आरशात बघून बोलत होत्या.

"वन्सं," ताई म्हणाल्या, "तुम्ही हिला कधी समोरून पाहिलीय का हो?"

"आता समोर काय जायचं? आरसा आहे की."

ताईंनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. फोटो उलटा फिरवल्याचं, बटणांचं, मालकीणबाईंचं. शिडीचा चेहरा हळूहळू उतरला. तिने पिशवीकडे हात नेला.

"थांब," ताई म्हणाल्या. "आधी माझ्याकडे बघ. इकडे नाही, आरशात."

शिडीने आरशात पाहिलं. डोळे बारीक केले. "अगंबाई! ताई, तुमचं नाक वाकडं आहे?"

"आहे."

"आणि एक डोळा बारीक! मला इतके दिवस दिसलंच नाही."

"वन्संना विचार."

"लग्नाआधी बघायला गेले तेव्हाच आमच्या आईला सांगितलं होतं मी," वन्सं म्हणाल्या. "कुणी ऐकलं नाही."

शिडी फसकन हसली. मग मागे वळून तिने ताईंना समोरून पाहिलं, परत आरशात, परत समोरून. "समोरून बऱ्या दिसता," ती म्हणाली.

"सवय झालीय म्हणून. जग तुला समोरून बघतं, त्याला त्या चेहऱ्याची सवय आहे. तुला आरशातल्या चेहऱ्याची. वाकडं कुणीच नाही. तू कुठल्या बाजूला उभी आहेस, एवढाच प्रश्न." ताईंनी सरळ फोटोचं पान तिच्या मांडीवर ठेवलं. "हे पान तुझ्यासाठी नाहीच. तुला बघायला आरसा आहे. हे बाकीच्यांसाठी आहे. पण सही तुझी लागते. जबरदस्ती नाही. मामाचं दुकानही चांगलं आहे."

शिडीने पान जवळ धरलं, मग लांब धरलं.

"मला अजूनही नाही आवडत," शेवटी ती म्हणाली.

"नको आवडू दे."

"आणि यात मी पुस्तकाबाहेर बघतेय. तुम्हाला नाही ना चालत?"

"नाही चालत. पण तुझ्यासाठी चालवून घेईन. कुणी विचारलंच तर सांगेन, हिचं लक्ष नव्हतं."

शिडीने सही केली. या वेळी छोटीशी, कोपऱ्यात. "घ्या. त्यांचा चेहरा त्यांना बघू दे. तो उलटा मला द्या, मी घरी लावणार."

छापखान्याचा माणूस आला, पानं घेऊन गेला. शिडीने मामाला फोन करून सांगितलं की वरच्या फळीसाठी स्टूल घे. मामाने मनाला लावून घेतलं, मग म्हणाला, चष्म्याच्या जाहिरातीसाठी तरी स्वस्तात येशील का.

दुसऱ्या दिवशी ती तणतणतच मेकअपच्या खोलीत शिरली. "आईला तो घरी नेलेला फोटो दाखवला. म्हणते, फोटो छान आहे गं, पण ही तू नाहीस! इतकी वर्षं वाढवलं मला, आणि मी कशी दिसते हे तिला ठाऊकच नाही!"

"तुला तरी कुठे ठाऊक आहे?" वन्सं म्हणाल्या. "बस खाली. मान सरळ. आणि वहिनी, तू मधे येऊ नकोस, मला आरशात दिसत नाही ती."

"मग समोर या," ताई म्हणाल्या, आणि कॉलरवरच्या टाचण्या काढायला लागल्या.