लाँड्रीवालीचा शेवट

माझी आई एका सिनेमाच्या शेवटाची वाट बघते आहे. आम्ही तिला अम्मा म्हणतो. सिनेमा इंग्रजी आहे, काळा-पांढरा, तिच्या जन्माच्याही आधी कधीतरी अमेरिकेत निघालेला. अम्माला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी म्हटलं, हसा.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील यंत्रमागावर होते, अम्मा विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या बोळात दखनी. विड्या वळणाऱ्या बायकांचा दिवस ठरलेला असायचा. पहाटे सूप मांडीवर घ्यायचं, वळायला लागायचं आणि दुपारच्या आत सगळा माल कारखान्याच्या खिडकीवर नेऊन द्यायचा. तिथं तो तपासायचे, वाईट वळलेल्या विड्या बाजूला टाकायचे, मग उद्याची पानं आणि तंबाखू मिळायची. खिडकी बंद झाली की झाली. माल परत घरी, आणि उद्या हात रिकामे.

कारखान्याच्या वाटेवर एक टॉकीज होतं. सकाळच्या खेळाला तिथं जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. हिंदी सिनेमे दुपारनंतर, आणि दुपारनंतर स्वयंपाक, पोरं, पाणी. म्हणून अम्मा आणि तिच्या दोन मैत्रिणी लवकर वळून मोकळ्या व्हायच्या, विड्यांच्या टोपल्या घेऊनच टॉकीजात शिरायच्या आणि इंग्रजी तर इंग्रजी म्हणून बघायच्या. नवऱ्यांचीही हरकत नसायची. कळतच नाही म्हटल्यावर बायको बिघडणार कशी! टोपल्या पायाशी ठेवलेल्या, त्यामुळे पुढच्या रांगेतला माणूस सारखा शिंकायचा.

खेळ संपायच्या आत त्यांना उठावं लागायचं. कारखान्याची खिडकी कुणासाठी थांबत नव्हती. त्यामुळे या तिघींनी पाहिलेल्या एकाही इंग्रजी सिनेमाला शेवट नाही. शेवट त्या दुसऱ्या दिवशी अंगणात विड्या वळता वळता स्वतः लावायच्या. प्रत्येकीचा वेगळा. मी त्या अंगणात अभ्यास करत वाढले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही, कधीही सांगते, त्यात मला लाज कसली?

बाकीचे सिनेमे विसरले गेले. लाँड्रीवालीचा तेवढा राहिला. अम्मा सांगते तो असा. एका बंदरातल्या गावात एक बाई लाँड्री चालवते. स्वतःची. एकटीनं. एक हात गमावलेला खलाशी तिच्याकडं येऊन राहतो. गावातला एक सुटाबुटातला श्रीमंत तिच्यामागं लागतो. शेवटी एका सकाळी बाई पेटी घेऊन धक्क्यावर उभी राहते. जहाजाचा भोंगा होतो. खलाशी वर उभा. बाई जहाजावर चढायच्या फळीवर एक पाय टाकते...

आणि या तिघी उठल्या. अम्मानं तो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा गेली ती, आज खेळ जरा लवकर सुरू होईल या आशेनं. झाला नाही. दोन्हीदा तिथंच उठली.

बाई गेली की राहिली, यावर आमच्या अंगणात अजून वाद होतो. मैत्रिणींपैकी एक वळसंगची, तिला मी मावशी म्हणते. दुसरीला सगळी गल्ली खाला म्हणते. विड्या सुटल्या, पण दोघी अजून संध्याकाळी येतात.

"ती न्हाय जात," मावशी म्हणते. "सोताचा धंदा हाय की तिचा. एवढी गिऱ्हाइकं टाकून कोन जातंय?"

"जाती," खाला म्हणते. "और चार दिन में वापस बी आती. उसकू जहाज पे कपडे धोने कू कौन देता?"

अम्माचं म्हणणं, ती जाणारच, कारण तो खलाशी तिचा भाऊ आहे. "अख्ख्या पिच्चरमधी एकदा तरी हात धरला का त्यानं तिचा? मग? भाऊच की! भावासंगं जायला काय लाज?"

मी नोकरी करते ती चादरी आणि टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका फर्ममध्ये. गिऱ्हाइकांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करणं हे माझं काम. एकदा वाटलं, दिवसभर जगाला टॉवेल विकतो, आईसाठी एक सिनेमा शोधता येत नाही? नेटवर जुन्या हॉलिवूड सिनेमांच्या वेड्यांचा एक कट्टा सापडला. मी तिथं लाँड्री, एक हात, धक्का, फळी, सगळं लिहिलं. अर्ध्या दिवसात कुणीतरी नाव सांगितलं. ते नाव मी घरात सांगून पाहिलं, पण कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आमच्याकडं ती लाँड्रीवालीच.

नाव सापडलं, सिनेमा नाही. नेटवर सुरुवातीचा एक धुरकट तुकडा तेवढा आहे. त्या काळातले असे सिनेमे एक कंपनी साफसूफ करून डिस्कवर काढते. आठ-दहा सिनेमे एका देखण्या खोक्यात, सोबत पुस्तिका. याला बॉक्स सेट म्हणतात. दोन खोकी निघाली होती, लाँड्रीवाली दोन्हींत नव्हती. कट्ट्यावरची माणसं तिसऱ्याची वाट बघत होती. कुणाला आपल्या वडिलांच्या आवडीचा गुंडांचा सिनेमा हवा होता, कुणाला एका नटीची सगळी कामं. मी माझी पहिली मागणी नोंदवली ती सवयीनं ऑफिसच्या थाटात. सदर सिनेमा आपल्या पुढील मालात अपेक्षित आहे काय, कृपया रवानगीची संभाव्य वेळ कळवावी. तिथं चांगलाच हशा पिकला. "मॅडम, आम्ही इथं किती वर्षं रवानगीचीच वाट बघतोय," असं एकानं लिहिलं. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यातली झाले.

एकानं मला वेगळं लिहून शेवट सांगायची तयारी दाखवली. त्यानं तो लहानपणी टीव्हीवर पाहिला होता. मी अम्माला विचारलं.

"सांगू नको म्हणावं," अम्मा म्हणाली. "आणि तू पण इचारू नको. मला बघायचाय."

"अगं पण कधी निघेल, निघेल का नाही..."

"बिड्डा," अम्मा तेलुगूत लेकराला म्हणतात तसं म्हणाली, "ऐकायचाच असता तर मावशीचा काय वाईट हाय?"

मी त्या माणसाला नको म्हणून कळवलं. तेव्हापासून कट्ट्यावर शेवटाबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं की मी पान बंद करते.

भावाचं मात्र मी तिला सांगितलं. तो भाऊ नाही, तिथली सगळी माणसं म्हणतात. अम्मा जराही हलली नाही. "त्यांना इंग्रजी कळतंय म्हणून त्यांनी नुसतं ऐकलं. मी बघितलाय." हे मी जसंच्या तसं कट्ट्यावर लिहिलं. शेवट सांगायला निघालेला तो माणूस म्हणाला, आता मला तो सिनेमा पुन्हा बघायलाच हवा, भाऊ समजून.

खरी काळजी वेगळीच होती. अम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, अम्मानं नाही म्हणून ठेवलं होतं. "दिसतंय तेवढं लई झालं. जलमभर विड्या हातानं वळल्या, डोळ्यानं न्हाय." टीव्हीसमोर बसली की चेहरे दिसत नाहीत, आवाजावरून ओळखते. मी चिडले, समजावलं, माझ्या भावाला तिला फोन करायला लावला. मावशीनं टोमणे मारले, "अक्का, परवा माज्याऐवजी खांबाला राम राम केलास की." काही उपयोग नाही. आणि मला रात्रंदिवस एकच दिसायचं. खोकं येईल, लाँड्रीवाली पडद्यावर फळीवर पाय टाकेल, आणि अम्माला समोर नुसतं धुकं.

मागच्या हिवाळ्यात कंपनीनं कट्ट्यावर विचारलं, तिसऱ्या खोक्यात काय हवंय, आणि का. मी विड्या, टोपल्या, खिडकी, सगळं लिहिलं. या खेपेला ऑफिसचा थाट नाही ठेवला. तीन बायका, तीन शेवट, आणि घरात आम्ही तिला लाँड्रीवाली म्हणतो, एवढंच साधं लिहिलं. खाली कुणीकुणी लिहीत गेलं, आम्हालाही लाँड्रीवालीच द्या. नाव न लिहिता, लाँड्रीवाली असंच, इंग्रजी अक्षरांत. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

उत्तर आलं ते उन्हाळा लागता लागता. मी ऑफिसातून आले तेव्हा तिघी अंगणात होत्या. मी उभ्या उभ्याच वाचून मराठीत सांगत गेले. मूळ फिल्म सापडली आहे. बरीचशी चांगली आहे. काम सुरू केलं आहे. फक्त शेवटचं रीळ खराब झालंय, चित्र निघेल असं वाटतं, आवाजाचं नक्की सांगता येत नाही. जमलं तर तिसऱ्या खोक्यात घेऊ.

"म्हंजे शेवटच अडकला की गं," मावशी म्हणाली.

"आवाज नक्को," खाला म्हणाली. "हमना आवाज कब समझा?"

 अम्मानं पदराला हात पुसले. मला वाटलं हिरमुसली. म्हणून मी म्हटलं, नक्की नाहीये अजून, जमलं तर असं लिहिलंय त्यांनी, आणि आलं तरी तिकडची डिस्क आपल्या साध्या प्लेअरवर चालत नाही, वेगळा प्लेअर बघावा लागेल.

"का? डिस्कला पण सरहद्द असती का?"

"असते."

"मग बघून ठेव प्लेअर," अम्मा म्हणाली. मग तिनं विचारलं, "चित्र निघंल म्हणलेत ना?"

"वाटतंय असं म्हणाले."

"मग त्या डोळ्याच्या डॉक्टरला इचार, कधी या म्हणतो."

मावशीनं माझ्याकडं बघितलं, मी मावशीकडं. दोन वर्षं आम्ही घसा कोरडा केला होता. अम्मा आमच्याकडं दुर्लक्ष करून खालाला सांगत होती, आधी उजवा करून घ्यायचा, मग बरा वाटला तर डावा.

उजवा झाला आहे. पट्टी काढल्यावर तिनं पहिल्यांदा मला नीट बघितलं आणि म्हणाली, "केस पिकले की गं तुझे!" डावा पुढच्या महिन्यात. प्लेअर मी आणला आहे, सगळीकडच्या डिस्क चालणारा. सध्या तो कापड टाकून टीव्हीखाली बसला आहे. तिसऱ्या खोक्याची यादी अजून लागलेली नाही. कट्ट्यावर रोज कुणी ना कुणी विचारतं, शेवटच्या रिळाचं काय झालं. कंपनी म्हणते, चालू आहे.

काल अम्मानं मला हाक मारली. मी लॅपटॉप घेऊन ऑफिसचंच काम करत होते.

"लिही त्यांना," म्हणाली. "म्हणावं घाई करू नका. आवाज न्हाय निघाला तर राहू दे. पण फळीवर पाय टाकल्यावर पुढचं सगळं पाहिजे. कापायचं न्हाय."

"अजून काही?"

"दुपारपर्यंत कुटं जायचं न्हाय आता आमाला, असं पण लिही."

मी लिहिलं. सकाळी बघितलं तर कंपनीच्या माणसानं स्वतः खाली लिहिलं होतं, आईंना सांगा, कापणार नाही.

अम्माला सांगितलं. ती चहा गाळत होती. "मग मावशीला निरोप दे," म्हणाली, "म्हणावं हरायची तयारी ठेव."