ट्रेलला कसला वाफसा?

सायकलचं पुढचं चाक मी अण्णांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा शिपायाने धावत येऊन त्याखाली पेपर सरकवला. चाक ओळखूच येत नव्हतं. स्पोक नाहीत, टायर नाही, नुसता काळ्या चिखलाचा गोळा.

"मॅडम, हे धुऊन आणायचं असतंय," अण्णा म्हणाले.

"धुतलं असतं तर तुम्हाला दाखवणार काय? सकाळी ट्रेलवर चाक फिरेनाच. अश्विनीने सायकल खांद्यावर घेऊन परत आणली. रविवारची ट्रेलवरची पहिली रेस पुढे ढकलू या."

अण्णा आमच्या संस्थेचे सचिव. मी त्यांच्या गंगाखेडच्या कॉलेजात खेळ शिकवते. कबड्डी, खो-खो असतंच, पण गेली काही वर्षं मी मुलींना माउंटन बायकिंग शिकवते. म्हणजे जाड, खाचांच्या टायरची सायकल घेऊन झाडीतून, दगडधोंड्यांतून, चढउतारावरून जायचं. त्यासाठी जी पायवाट आखतात तिला ट्रेल म्हणतात. परभणी जिल्ह्यात त्यासाठी आधी डोंगर शोधावा लागतो. आम्हाला तो गंगाखेडच्या दक्षिणेला सापडला. वनखात्याची रीतसर परवानगी काढली आणि साग-पळसाच्या झाडीतून, एकही झाड न तोडता, मुलींनीच उन्हाळ्यात कुदळ-फावडं घेऊन ट्रेल केला. जिल्ह्यात दुसरा नाही.

वरचा भाग मुरमाड. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी कोरडा. खालचा मात्र काळ्या मातीचा, आणि सगळी अवघड वळणं तिथेच. परतीचा पाऊस नुकताच उघडला होता. अशा ओल्या मातीवर पन्नास सायकली गेल्या की खोल चाकोऱ्या पडतात. पुढे ऊन लागलं की त्या दगडासारख्या वाळतात. मग उतारावर चाक चाकोरीत अडकलं की चालवणारी सरळ हॅन्डलवरून पुढे. म्हणजे वर्षभरासाठी ट्रेल गेला. अश्विनी या मुलींतली सगळ्यात तयारीची; तिची राज्य संघाची निवड चाचणी जवळ आली होती, आणि तिला सरावाला ही एकच जागा होती.

हे सगळं मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. ते नेहमी लक्ष देऊन ऐकतात.

"उद्घाटनाला पाहुणे मुंबईहून यायलेत. रविवार ठरलाय. मंडपवाल्याला सांगून झालंय," ते म्हणाले. "चिखल तर चिखल. सायकली कशाला घेतल्या मग?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे त्यांचा सालगडी होता. अण्णांचा आवाज एकदम चढला.

"ट्रॅक्टर घालू नको म्हणलं ना तुला! सोयाबीन निघालं म्हणून काय झालं? हरभऱ्याला अजून टाइम हाय. वाफसा यू दे. वल्ल्यात ट्रॅक्टर घातला तर ढेकळं निघतील, सालभर बोंबलत बसशील. माती हातात घेऊन बघ, मग फोन कर."

वाफसा म्हणजे जमीन ना ओली ना कोरडी, बेताच्या ओलीवर येते ती वेळ. आमच्याकडे शेतकरी त्याआधी शेतात बैलसुद्धा घालत नाही. मला वाटलं, आपलं काम झालं.

"अण्णा, ट्रेलची मातीही तीच आहे. तिलाही वाफसा येऊ द्या की."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मॅडम, शेतात पीक येतंय. तिथं काय येणार हाय? ट्रेलला कसला वाफसा?"

मला फार राग आला. रागात मी चाक उचललं आणि बाहेर आले. पेपर टेबलालाच चिकटून राहिला.

बाहेर अश्विनी उभी होती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, गरजेपुरतंच बोलते.

"मॅडम, रेसच्या दिवशी मी पडले तर चालतंय. पण नंतर रोज रोज पडायचं म्हणलं तर चाचणीला जाऊ कशी?"

मी चाक धुवायला घेतलं.

रविवारी पहाटे अण्णांनी मंडपाचं सामान ट्रेलवर धाडलं. सोफा, खुर्च्या, लाल गालिचा, स्पीकर, पाण्याचे जार. एवढं सगळं न्यायला ट्रॉली लागणार, ट्रॉलीला ट्रॅक्टर लागणार, आणि अण्णांचा ट्रॅक्टर तर रिकामाच होता. वाफसा नसल्यामुळे शेतात काम नव्हतं.

मी पोचले तेव्हा ट्रॅक्टर ट्रेलच्या तोंडाशी अर्ध्या चाकांपर्यंत रुतला होता. ट्रॉली आडवी कलली होती आणि सोफा झाडाला टेकला होता. जेसीबी बोलावला. जेसीबीवाल्याने लांबूनच पाहिलं आणि मशीन बंद केली.

"आत घातला तर ह्याला काढायला आणि मला काढायला तिसरा आणावा लागंल. चार-आठ दिवस जाऊ द्या."

एवढ्यात अण्णा आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. जीपमधून उतरले, ट्रॅक्टरकडे निघाले आणि एक बूट मागेच राहिला. त्यांनी वाकून बूट उपटला, त्याच्या तळाची माती बोटाने दाबून पाहिली आणि ट्रॅक्टर घेऊन आलेल्या सालगड्याला विचारलं, "तू सांगितलं का न्हाईस मला?"

"ट्रॅक्टर धाडताना तुमीच म्हणलाव, तिकडं वाफसा नसतोय," तो म्हणाला.

ट्रेलचं तोंडच बंद, म्हणून रेस पुढे ढकलली. जाहीर कारण 'तांत्रिक'. पाहुण्यांनी कॉलेजच्या मैदानावर उद्घाटन केलं. माउंटन बाइकला स्टँड नसतो, म्हणून फोटोत ती दोघांनी धरली आहे आणि पाहुणे तिच्याकडे संशयाने पाहत आहेत.

ट्रॅक्टर निघाला तोवर ट्रेलही वाळला होता. तोंडाशी पडलेला खड्डा आम्ही मुरूम टाकून बुजवला. आत एकही चाकोरी नव्हती. अश्विनी रोज पहाटे खालच्या वळणांवर सराव करायची. चाचणीत ती दुसरी आली आणि संघात गेली. ती बातमी कळली तेव्हा मी स्टाफरूममध्ये रडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिच्या सत्काराला अण्णांनी भाषण केलं. "खेळाडूंच्या भवितव्यासाठी पाहुण्यांना नाराज करून रेस थांबवायचा निर्णय मी स्वतः घेतला," असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकले. वरिष्ठांना एखादी गोष्ट पटवायची असेल तर जाणकार माणसापेक्षा रुतलेला ट्रॅक्टर बरा. त्याच्याशी कोणी वाद घालत नाही.