आबांची पेटी आणि माझा निबंध

गाडी सुटायला दहा मिनिटं असताना आबा प्लॅटफॉर्मवर आले, ते खांद्यावर बाजाची पेटी घेऊन. जुन्या सोलापुरी चादरीत बांधलेली, वर मोठी गाठ. पेटी नेणार नाही असं मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. ते तेव्हा काही बोलले नव्हते, म्हणून मला वाटलं, पटलं असेल. आबांना पटलं नाही की ते बोलत नसत, हे बावीस वर्षं एका घरात राहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"शिकवाय शिकणार, आन् हाताशी पेटी नको व्हय?" ते धापा टाकत म्हणाले. "घिऊन जा. माझं मी बघतो, कुणाची तरी मागून आणतो."

डब्यात खिडकीपाशी एक चष्मेवाल्या बाई इंग्रजी मासिक वाचत होत्या. त्यांच्या देखत ते गाठोडं आत चढवायची मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. मी म्हणाले, "आबा, विद्यापीठ आहे ते. तिथं हव्या तेवढ्या पेट्या असतील."

"व्हय, ते बी खरंच की," आबा म्हणाले. आईनं डोळे पुसले, धाकट्या वसंतानं ट्रंक वर चढवली. "येतो आबा," मी म्हणाले. तेव्हा मी आमच्याकडच्या साऱ्या बायकांसारखी 'येतो'च म्हणायची. गाडी हलली तेव्हा आबांना हात हलवता आला नाही. दोन्ही हात पेटीला गुंतले होते.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तुमच्यापैकी जे कोल्हापुरात, मंगळवार पेठेतच राहिले त्यांना आमची बाहेरची खोली आठवत असेल. आबा पेटीमास्तर. सकाळी मुली यायच्या, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं एखादं पद म्हणता यावं म्हणून. दुपारी शाळेतल्या शिक्षिका, आणि दिवेलागणीला भजनी मंडळ. त्यात पुढं बसायचे ते पांडूतात्या, म्हशीवाले. आवाज असा की तालमीतले पैलवान दचकावेत, आणि सूर मात्र कुठल्या कुठं. मी गाणं शिकवायच्या पद्धती शिकायला बडोद्याला निघाले, हे ऐकून तात्यांनी तोंडात बोट घातलं होतं. "शिकवायचं बी शिकाय लागतंय व्हय? मग मास्तर, तुमाला कुणी शिकवलं?" सगळे हसले. आबाही हसले, पण दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला सांगू लागले, "आमची सुमन शिकवायचं कसं ते शिकाय चाललीया. आमचं आपलं अंदाजपंचे."

अंदाजपंचे नव्हतं ते. आबांची एक रीत होती. पेटीची एक पट्टी दाबून धरायचे, शिकणाऱ्याकडून त्यावर 'सा' लावून घ्यायचे, आणि तो जरा सुरात बसला की न सांगता हात उचलायचे. पेटी गप्प. खोलीत नुसता त्या माणसाचा आवाज, उघडा. तो घाबरायचा, हलायचा, सावरायचा. आबा डोळे मिटून बसलेले. मग तीच पट्टी पुन्हा दाबायचे. सूर तिथंच असला तर मान हलवायचे. खाली आला असला तर म्हणायचे, "सांडला." पांडूतात्यांना रोज ऐकवायचे, "कासंडीतलं दूध थेंबभर सांडत न्हाईसा, आन् सूर कसा सांडतासा?" तात्यांना वर्षभरानं तो सूर सापडला. तो माणूस त्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर बसून रडला होता. मी दारामागं उभी राहून बघितलंय.

बडोद्याला यातलं काहीच नव्हतं. तिथं मोठमोठ्या खिडक्यांचे वर्ग होते, फळ्यावर खडूनं आखलेली स्वरलिपी होती, आणि 'लेसन प्लॅन' नावाचा एक कागद होता, त्यावर मूल किती मिनिटांत काय शिकेल ते आधीच लिहावं लागे. कुठल्या वयाला कुठली चीज द्यायची, सतार धरताना बोट कुठं ठेवायचं, आवाज फुटायच्या वयात मुलग्यांना कसं सांभाळायचं, सगळं रीतसर. मी हपापल्यासारखी शिकले, हे खोटं कशाला सांगू? हॉस्टेलात गोड डाळ ओरपायला शिकले, 'सुमनबेन' म्हटलं की वळून बघायला शिकले. मैत्रिणी हसल्यावर 'मी जातो' सोडून 'मी जाते' म्हणायला शिकले. आणि पेटी हे कमअस्सल वाद्य आहे, हेही शिकले.

मेथडचा विषय शिकवायच्या त्यांना सगळे मोठ्या बेन म्हणत. त्यांनी एका तासाला इंग्रजीत मुद्दे सांगितले. पेटीत मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, तिच्या पट्ट्यांचे सूर ठरीव, आणि मुख्य म्हणजे मूल पेटीच्या कुबडीवर चालायला लागतं, त्याचा कान आळशी होतो. मी ते वहीत उतरवून घेतलं. लिहिता लिहिता मला आबांचा उचललेला हात आठवला होता. अगदी स्पष्ट आठवला होता. पण वर्गात उठून, "आमच्या पेठेत एक पेटीमास्तर असं करतात," हे कोण सांगणार? मी नाही सांगितलं. उलट तेच मुद्दे मराठीत घोळवून मी निबंध लिहिला, 'संगीतशिक्षणातील पेटीचे दुष्परिणाम'. त्याला पहिला नंबर मिळाला आणि तो वार्षिक अंकाच्या मराठी विभागात छापून आला. आपलं नाव पहिल्यांदाच छापलेलं बघून मी इतकी हरखले, की दुसऱ्याच दिवशी एक अंक घरी पाठवून दिला. आत काय लिहिलंय आणि तो कोण वाचणार आहे, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. शहाणी ना मी.

सुट्टीत पुढच्या वर्षाचे पाठ तयार करायचं काम होतं म्हणून उन्हाळ्यात घरी गेले नाही. दिवाळीला गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत चपला नव्हत्या. आत वसंताची सायकल उभी होती.

आईनं चहा टाकता टाकता सांगितलं. अंक आला त्या दिवशी आबांनी तो दोनदा वाचला, मोठ्यानं, अडखळत. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पेटी चादरीत बांधून फळीवर ठेवली आणि मिरजेच्या ओळखीच्या माणसाकडून एक तंबोरा मागून आणला. तंबोऱ्यावर भजनी मंडळाला काही उमगेना. मुलींना पंधरा दिवसांत पद बसवून हवं असायचं, त्या राजारामपुरीतल्या नव्या क्लासला गेल्या, तिथं पेटी होती. पांडूतात्या शेवटपर्यंत टिकले. मग तेही हात जोडून म्हणाले, "मास्तर, आमास्नी त्या भोपळ्यात न्हाय वो दिसत काय." श्रावणापर्यंत खोली रिकामी झाली. आबा आता शिरोलीला एका फाउंड्रीच्या गेटावर हजेरी लिहायला जात होते.

ते संध्याकाळी आले. केसांवर काळी धूळ, बोलणं मोठ्यानं, कारण दिवसभर भट्ट्यांच्या आणि यंत्रांच्या आवाजात राहून ऐकू कमी येऊ लागलं होतं. पेटीमास्तराला ऐकू कमी. मी म्हणाले, "आबा, असं का केलंत? निबंध आहे तो नुसता."

"नुसता कसा? छापून आलाय की. तू लिवलंयस म्हंजे इचार करूनच लिवलं असशील. मी एवढी वर्सं पोरांचे कान बिघडवत बसलो, कुणी सांगितलं न्हाई." ते हे दुःखानं म्हणाले असते तरी मी सोसलं असतं. ते अभिमानानं म्हणाले.

मग पोराटोरानं मास्तरला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पर एक सांग. आपण हात उचलतो न्हवं, ते तुझ्या बाईंस्नी सांगितलंस का?"

मला तिथंच सांगता आलं असतं. आबा, ते मुद्दे माझे नाहीत, मी नुसते उतरवून काढले, हात उचलायचं मी कुणापुढं बोललेच नाही. तीन वाक्यं. पण दाराशी वसंता उभा होता, आई ऐकत होती, आणि आबांच्या हातात तो अंक होता, त्याला त्यांनी शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं होतं. मी म्हणाले, "सांगितलं आबा. त्या म्हणाल्या, तेवढ्यानं भागत नाही."

"मग बरोबर असंल," आबा म्हणाले, आणि पाय धुवायला मोरीत गेले.

परत निघताना मी "येते" म्हणाले. आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

मला बडोद्यातच नोकरी लागली, शिक्षकांच्या कॉलेजात, मेथडच्याच विषयाची. दरवर्षी नवा वर्ग समोर बसे आणि मी तेच मुद्दे सांगे, कारण अभ्यासक्रमात तेच होते. फाउंड्रीच्या धुळीनं आबांना खोकला जडला, तो वाढत गेला. पत्रात ते दर वेळी विचारत, नवीन काय छापून आलं? पाचव्या वर्षी तार आली. मी पोचले तेव्हा पंचगंगेवरून सगळे परत आले होते. पांडूतात्या कट्ट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "शेवटाला बोलता येत न्हवतं गं मास्तरास्नी. नुसता हात उचलून दाखवायचे. आमी समजलो, पाणी पायजे."

फळीवरची पेटी वसंतानंच काढून दिली. "तू ने, अक्का. हितं कोण वाजवणार?" चादर सोडली तर आत पट्ट्यांवर तो अंक, खाकी कव्हरातला. भात्याला एका जागी आबांनी चप्पलवाल्याकडून आणलेल्या कातड्याचं ठिगळ लावलेलं होतं. ती पेटी मांडीवर घेऊन मी बडोद्यापर्यंत बसून आले. कुणी बघितलं की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर वर्षभरानं मोठ्या बेन निवृत्त झाल्या. त्यांना भेटायला गेले तेव्हा कसं कोण जाणे, मी आबांची रीत सांगून टाकली. पट्टी दाबायची, सूर लावून घ्यायचा, हात उचलायचा, पुन्हा दाबायची. बेन पुढं सरकून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, हे तू तेव्हाच का नाही लिहिलंस? हीच तर मेथड. मी वर्गात आधी हेच शिकवलं असतं." मी चहा अर्धा ठेवून उठले.

आता इथं माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, दूधवाला 'बेन' म्हणून हाक मारतो, आणि स्वप्नंसुद्धा अर्धी गुजरातीत पडतात. कोल्हापूरला वसंताच्या मुलांच्या लग्नकार्यांना जाते. बाहेरच्या खोलीत आता झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं मी पाहुणी असते, आणि ते बरोबरच आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले ते म्हणतात, घर मनात असतं. असेल त्यांचं. माझ्या मनात जे आहे तिथं मला बसवत नाही.

संध्याकाळी कधी पेटी काढते. काळी चारची, माझ्या आवाजाची पट्टी दाबते, 'सा' लावते, सूर बसला असं वाटलं की हात उचलते. माझं घर आता तेवढंच उरलंय, हात उचलल्यापासून पट्टी पुन्हा दाबेपर्यंत. तेवढा वेळ आबा समोर डोळे मिटून बसलेले असतात आणि मी अजून काही खोटं बोललेली नसते. मग पट्टी दाबते. सूर सांडलेला असतो.