पितांबर कोतवालाची आभाळबंदी

आमच्या गावचा पितांबर कोतवाल सरकारी हुकमापुढे सख्ख्या भावालाही ओळखत नसे. वाचता येत नव्हतं, म्हणून तलाठ्याकडून हुकूम तीनदा ऐकून घ्यायचा आणि मग दवंडी पिटायचा, एक शब्द गाळायचा नाही. माणूस देवासारखा, पण हुकूम निघाला की त्याच्यापुढे डोकं आपटून घ्यायची पाळी यायची. मी कितीदा आपटलंय.

सत्तावन्न सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि दिवसभर झोके घेतात. ह्या झोक्यावर त्यांचं वर्ष निघतं. पितांबरआबांची लेक शेवंता, माझी जिवाभावाची मैत्रीण, तीन वर्षांनी आली होती. सासरचे पाठवतच नव्हते. आताही एकच दिवस दिला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे शिरपूरकडची बैलगाडी दारात उभी राहणार होती.

गावाबाहेर विमान उतरायला मुरमाचा पट्टा होता. नेमके त्याच दिवशी मुंबईहून कुणी मोठे साहेब विमानाने यायचे होते. हुकूम आला की साहेबांचं विमान परत जाईपर्यंत पाच मैलांत दुसऱ्या कुणीही आकाशात जायचं नाही. आबांनी गावातल्या गिरधरची कबुतरं खुराड्यात कोंडायला लावली, आणि पट्ट्याकडेच्या निंबावर चढून आमचा झोका सोडला. पाय जमिनीवरून सुटले की माणूस आकाशात गेला, असं त्यांचं म्हणणं.

"हुकूम बठ्ठासले शे," हुकूम सगळ्यांनाच आहे, एवढंच ते लेकीला म्हणाले. शेवंता दोराच्या वेटोळ्यावर बसून राहिली. मला मात्र असा संताप आला की ती दवंडीची हलगी फोडावीशी वाटली.

निंबाखाली आणखी एक जण तोंड पाडून बसला होता. अमळनेरच्या कापूस व्यापाऱ्याचा मुलगा गौतमचंद मुंबईत विमान चालवायला शिकला होता आणि आईला दाखवायला क्लबचं छोटं विमान घेऊन निघाला होता. वाटेत तो आमच्या पट्ट्यावर उतरला आणि हुकमाने त्याला इथेच अडकवलं. पाच मैलांत उडणारा तो एकटाच. हा हुकूम वैमानिकांसाठी आहे, म्हणजे माझ्यासाठी, बायकांच्या झोक्यासाठी नाही, असं त्याने परोपरीने सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ज्याच्यावर बंदी त्यानेच बंदी कुणावर ते ठरवायचं, हे त्यांना पटलं नाही.

दहाला साहेबांचं विमान उतरलं. साहेब जीपमधून धुळ्याला गेले, ते दिवस मावळतानाच परतणार होते. म्हणजे आखाजी गेलीच. त्यांचा सरकारी वैमानिक सावलीला आला, तेव्हा आबांच्या घरून त्याला आमरस आणि मांडे आले. सणाच्या दिवशी ह्या साऱ्या जणी अशा का बसल्यात, असं त्याने विचारलं. गौतमचंदने सांगितलं. तो इतका हसला की रस अंगावर सांडला. मग आबांना बोलावून म्हणाला की बंदी माझ्याच विमानासाठी आहे, ह्यांना खुशाल झोके घेऊ द्या.

आबांचा चेहरा उजळला, पण घटकाभरच.

"तोंडनं चालत नही, साहेब. लिखी द्या."

गौतमचंदने कागद लिहिला, सरकारी वैमानिकाने सही केली. शेवंताबाई व तिच्या मैत्रिणींनी झोके घेण्यास हरकत नाही. आबांनी तो गौतमचंदकडून तीनदा वाचून घेतला. मग पन्नाशीचा तो माणूस सरसर निंबावर चढला आणि दोर बांधून खाली आला. शेवंताला बसवून त्यांनी पहिला झोका अगदी बेताने दिला. तिने मागे वळून बापाकडे पाहिलं. आबांनी मुंडासं काढून माझ्या हातात दिलं आणि पाय रोवले.

"कागदमा कितलं वर जावानं ते लिखेल नही," ते म्हणाले. "दोर घट धर, शेवंता."

आणि असा रेटा दिला की तिचे पाय निंबाच्या पाल्यात शिरले, आणि माझी शेवंता लग्नाआधी हसायची तशी मोठ्याने हसली.