बोटं काळी चारवर

मी तो कीबोर्ड पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो जिन्यात अडकलेला होता. शनिवार पेठेत एका गाण्याच्या क्लासच्या हॉलमध्ये आमच्या तालमी होतात. हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि वळणावर जिना इतका अरुंद की अंगापिंडाने भरलेली दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागतं. पुढे एक हमाल, मागे दुसरा, मध्ये ती लांबलचक काळी बॅग, आणि तिचा मालक खालच्या पायरीवरून "भिंतीला लागू देऊ नका, प्लीज" म्हणत दोन्ही हात वर धरून उभा. त्याच्या मागे मी, मांजरी गावाहून बसने आलेली, खांद्याला माझा कीबोर्ड. तो रजईच्या जुन्या खोळीत असतो आणि एका हाताने उचलता येतो. नाकापेक्षा मोती जड, असं मी मनात म्हटलं आणि मला फार बरं वाटलं. त्यानंतर दिवाळी होईपर्यंत काही तसं बरं वाटलं नाही.

तालीम होती आमच्या ताईंच्या कार्यक्रमाची. ताई सत्तरीला टेकल्या आहेत, भावगीतं आणि जुनी सिनेमातली गाणी गातात, आणि त्यांच्या नावावर पुण्यात अजून सभागृह भरतं. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हापासून मी त्यांच्या साथीला आहे. आधी पेटीवर होते. मग पेटी जुनाट दिसते असं आयोजक म्हणायला लागले, तेव्हा कीबोर्डवर आले. माझी जागा त्यांच्या उजव्या हाताला, इतकी जवळ की त्या श्वास घेतात तो मला ऐकू येतो आणि तो ऐकूनच मी पुढचा स्वर देते. ही जागा माझी आहे असं मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं, कारण म्हणायची वेळच आली नव्हती.

ती आता आली. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला आयोजकांना अस्सल पियानोसारखा आवाज हवा होता. आमचा ऑक्टोपॅडवाला एरवी बँकेत असतो, त्याने खराडीतला एक सॉफ्टवेअरवाला शोधून आणला. ताई म्हणाल्या, दोघंही वाजवून बघा, मग ठरवू. मंच लहान होता. कीबोर्ड एकच बसणार होता.

त्या मुलाला नावं ठेवायची मी पूर्ण तयारी करून गेले होते. आयटीवाला, हौशी, शनिवार-रविवारचा कलाकार, वगैरे. पण तो निघाला नागपूरचा. वडिलांचा ऑर्केस्ट्रा होता, जयंतीला भीमगीतांचे कार्यक्रम करणारा. उघड्या मैदानावर, माणसांच्या समुद्रापुढे, माइक गेला तरी थांबायचं नाही अशा शाळेत हा तयार झालेला. म्हणजे हौशी म्हणायचीही सोय राहिली नाही. शिवाय नम्र. माझ्याकडे पाहून त्याने हात जोडले आणि मला काकू म्हणाला. तेवढ्यासाठी मात्र मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

कीबोर्ड स्टँडवर चढला आणि त्याच्याभोवती आमची सगळी मंडळी नवी सून बघायला जमावी तशी जमली. तबल्यावर जे आहेत ते माझ्या नवऱ्याचे मित्र, मला वहिनी म्हणतात आणि सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी तबल्यावर ठेवावी तशी तर्जनी एका पट्टीवर ठेवली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली. म्हणाले, वजन आहे, पट्टी बोटाला खाली नेते आणि परत वर आणून सोडते. ऑक्टोपॅडवाल्याने खालच्या सप्तकात एक ठोका दिला आणि आवाज पोटात वाजतो असं जाहीर केलं. साउंडवाल्याचं तर निराळंच. तो म्हणाला, लाइन किती स्वच्छ आहे बघा, नाहीतर काकूंच्या कीबोर्डमधून माश्या घोंगावतात. इतकी वर्षं त्या माश्या त्याला ऐकू येत होत्या आणि तो एका शब्दाने बोलला नव्हता. फक्त पेटीचा आवाज लावल्यावर तबलजींनी नाक मुरडलं, ही लग्नाच्या मांडवातली पेटी वाटते म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात पुरणपोळी वाढली.

मग मला बसवलं. काकू, तुम्ही पाहा ना वाजवून, असं तो म्हणाला, अगदी मनापासून. पेटीवर बोट नुसतं टेकलं तरी स्वर येतो, लहान-मोठा करायचा तो भात्याने. माझी बोटं त्या सवयीची. माझ्या हलक्या कीबोर्डनेही ती सवय कधी मोडली नव्हती. इथे मी एका गाण्याची सुरुवात वाजवली आणि तिच्यातले अर्धे स्वर आलेच नाहीत. हळू दाबलं तर पट्टी मुकी, जोरात दाबलं तर कोणीतरी ताट आपटल्यासारखं. त्यात स्वर वाढवायला माझा डावा हात आपसूक पुढेमागे झाला, भाता ओढल्यासारखा. ऑक्टोपॅडवाला हसला. मी उठले आणि छान आहे म्हणाले. पुण्यात छान आहे याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना कळलं, एक नागपूरकर सोडून.

आणि मग तो स्वतः बसला. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. तोच तुकडा त्याने इतका हळू वाजवला की रस्त्यावरची दुचाकी ऐकू येत होती, आणि तरी एकही स्वर सांडला नाही. त्या बोटांचा मला हेवा वाटला, त्या वजनाचा वाटला, त्याच्या वयाचा वाटला. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. माझं वाजवणं त्यांनी डोळे मिटून कधी ऐकलंय, हे मी आठवत बसले.

इथे आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर असतो, तिच्या नावाने गाणारा ओळखला जातो. ताईंची काळी चार. जन्मभराची. या वयात बहुतेक बायका खाली उतरतात, ताई उतरल्या नाहीत, असं लोक बोलतात आणि ताईही ते ऐकून घेतात. खरी गोष्ट अशी की ताई केव्हाच उतरल्या होत्या, आणि उतरवलं होतं मी. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं एक बटण असतं. ते दाबलं की बोटं आहेत तिथेच राहतात आणि आवाज खाली येतो. एका कार्यक्रमात वरचा स्वर लावताना ताईंच्या मानेची शीर मला दिसली. पुढच्या वेळी मी ते बटण एकदा दाबलं. काही वर्षांनी दुसऱ्यांदा, मधली पांढरी ओलांडून. बोटं काळी चारवर, आवाज काळी तीनचा. ताई गाताना माझ्या बोटांकडे एक नजर टाकत, समाधानाने मान हलवत आणि गात. तानपुऱ्याचं यंत्र माझ्याच पिशवीत असे, तेही मीच लावी. तबलजींना अर्थात माहीत होतं, तबला त्याच स्वरात मिळवावा लागतो. ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. घरी ताईंचा रियाज कोणत्या पट्टीत चालतो, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

तर त्या दिवशी त्या मुलाला ऑफिसचा कॉल होता म्हणून ताईंबरोबर आधी तोच वाजवायला बसला. ताईंनी काळी चार सांगितली. त्याने दिली, सरळ, खरी काळी चार. तबलजींनी थाप मारली, ती जुळेना. त्यांनी हातोडी घेऊन तबला चढवला आणि चढवता चढवता माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

ताई अंतऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. पाणी प्यायल्या, पुन्हा उचललं, पुन्हा थांबल्या. आवाज गोड आहे रे, त्या म्हणाल्या, पण माझा गळा त्यावर बसत नाही, चढा वाटतो. झालं. साउंडवाल्याने वरचे आवाज कापले. ऑक्टोपॅडवाला म्हणाला, पियानोला सभागृह मोठं लागतं, इथे तो भिंतीवरून अंगावर येतो. तबलजींनी तबला पुन्हा उतरवायला घेतला. तो मुलगा कॉल घ्यायला खाली गेला, मी माझी खोळ सोडली आणि ताईंना नेहमीची काळी चार दिली, म्हणजे नेहमीसारखी. ताईंचा गळा मोकळा झाला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साउंडवाला म्हणाला, माश्या असल्या तरी ऊब आहे बरं का काकूंच्या आवाजात. दोष एका बटणाचा होता आणि सगळे आवाजाला नावं ठेवत होते. मी मूग गिळून गप्प बसले, आणि ते मूग मला गोड लागले.

पुढच्या तालमीला तो लवकर आला. कोपऱ्यावर चहा घेताना त्याने मला सांगितलं की त्याने पियानोचा निराळा, मऊ आवाज निवडलाय, पट्ट्यांचं वजन हलकं भासेल अशी सेटिंग केली आहे, रोज ऑफिसनंतर बसतोय. चेहरा उतरलेला होता. मग म्हणाला, "काकू, ताईंचा गळा तुमच्यावर बसते, माझ्यावर का नाही बसत? तुमच्या कीबोर्डात असं काय आहे?"

"वीस वर्षं," मी म्हटलं.

त्याने ते खरं मानलं. मान हलवली, ग्लास खाली ठेवला आणि हो, ते तर आहेच, असं म्हणाला. मागून जिना चढताना तबलजींनी मला गाठलं. सांगून टाका वहिनी, म्हणाले, पोराचा काय दोष. मी विचारलं, का सांगू? माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती जी त्या जड, स्वच्छ, पोटात वाजणाऱ्या यंत्रात नव्हती. ती देऊन टाकायची आणि मग प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवायच्या? तबलजी म्हणाले, मर्जी तुमची. त्या दिवशीही ताई अंतऱ्याला अडखळल्या, आणि नव्याचे नऊ दिवस संपले असं मी धरून चालले.

शेवटच्या तालमीला ताई आल्या त्या माझ्याकडे न येता सरळ त्याच्याजवळ गेल्या. खुर्ची ओढून शेजारी बसल्या, माझ्याजवळ बसायच्या तशा, उजवी-डावी बाजू न पाहता. त्यांनी बोट त्याच्या कीबोर्डवर ठेवलं. मी माझ्या खोळीची गाठ सोडत होते.

"काळी चार नको," ताई म्हणाल्या. "ती आता माझ्याच्याने होत नाही. काळी तीन दे. ही मला कधीपासून तीच देते आहे, बोटं मात्र काळी चारवर ठेवते."

तबलजी हातोडी शोधायला लागले, ती त्यांच्या मांडीवरच होती. माझ्या हातात खोळीची नाडी होती, ती सुटेना. तुम्हाला माहीत होतं, ताई? असं मी विचारलं बहुतेक. त्या माझ्याकडे वळल्या.

"अगं, माझा गळा आहे तो. मला कळणार नाही?" मग म्हणाल्या, "तुझ्यापुढे म्हणवत नव्हतं. तू माझा तेव्हाचा आवाज ऐकला आहेस. याने कुठे ऐकलाय?"

त्याने काळी तीन दिली. त्या गायल्या. अंतरा असा उलगडला की ऑक्टोपॅडवाला आपला ठोका विसरला, आणि त्या पियानोचा एकेक स्वर ताईंच्या शब्दाखाली उशी सरकवावी तसा येत होता. साथ फार चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली होती, आणि हे समजण्याइतका कान मला देवाने दिला आहे, ही त्याची मेहेरबानी म्हणायची की काय ते मला माहीत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती आता कीबोर्डची नव्हती. ‘काळी चार नको’ हे वाक्य माझ्या हक्काचं होतं. इतकी वर्षं श्वासाच्या अंतरावर बसून मी त्या वाक्याची राखण केली, आणि ताईंनी ते आणून दिलं कालच्या मुलाला.

गाणं संपल्यावर ताईंनी मला कार्यक्रमाला पेटी आणायला सांगितलं. त्याच्या यंत्रातली पेटी मांडवातली वाटते, असं तबलजी म्हणालेच होते. आयोजकांना जुनाट दिसली तर दिसू दे, म्हणाल्या. उजवी बाजू त्याला गेली, माझी जागा डाव्या हाताला लागली.

दिवाळीच्या पहाटे मंचावर बंद पडद्याआड सगळे गारठून बसले होते. उटण्याचा वास, साउंडवाल्याची धावपळ. ताईंनी नेहमीसारखा माझ्याकडे सा मागितला. पेटीला बटण नसतं. मी भाता ओढला आणि बोट काळी तीनवर ठेवलं, त्यांच्यासमोर, पहिल्यांदा. त्यांनी बोटाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सा लावला.

तो मुलगा आमच्या मागे उभा होता. ऐकून माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "काकू, काय आवाज आहे हो ताईंचा. कुठेच काही कमी नाही."

मी हो म्हटलं. मला त्याच्या कीबोर्डचा हेवा वाटला होता, बोटांचा वाटला होता, त्याला मिळालेल्या माझ्या जागेचा वाटला होता, पण त्या क्षणी वाटला तसा कधीच वाटला नव्हता. त्याला तो आवाज पुरा ऐकू येत होता. मला मात्र त्या सा मध्ये काय उरलं नाही, तेवढंच ऐकू येत होतं. पडदा वर गेला, आणि मी भाता ओढत राहिले.