बरा झाल्याची साक्ष

आमच्या दुमयातमध्ये, इजिप्तच्या या सुतारांच्या शहरात, पलंग करणारे पैशाला पासरी, पण कोरीव काम शहाताचंच. म्हणून सगळी गल्ली त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणते आणि त्याचा शब्द मानते.

एकदा माळ्यावर लाकूड चढवताना तो घसरला आणि फळीच्या धारेवर दोन्हीकडे पाय टाकून आदळला. वरून काही दिसलं नाही. आत मूत्रनळी फाटली, आणि जखम भरताना व्रणाने तिला आवळलं. मशिदीच्या मोरीत इतका वेळ लागायचा की बाहेरचे विचारत, "उस्ता, आत नक्षी काढताय काय?"

सरकारी इस्पितळात नळीला आतून चीर दिली. व्रण परत आला. पुन्हा चीर दिली, पुन्हा व्रण आला. मग डॉक्टर नरमीन स्पष्ट म्हणाल्या, गालाच्या आतली कातडी लावून नळी दुरुस्त करू. रुग्णाच्याच रक्तातलं द्रव्य टोचलं तर व्रण कमी होतो का, हे त्या तपासत होत्या. पण खात्री नाही, त्याच्या भरवशावर राहू नका म्हणाल्या.

शहाताला सुरीची धास्ती. नदीकाठच्या चकचकीत दवाखान्याने ती बरोबर हुंगली. 'सुरीविना नवी नळी, तुमच्याच रक्तातून' असा त्यांचा फलक. शहाताला सुया फुकट मिळणार होत्या. बदल्यात बरा झालो असं कॅमेऱ्यापुढे सांगायचं, आणि तेही पहिली सुई टोचण्याआधी.

मी रुग्णांसाठी भांडणारा माणूस. कारखान्यात जाऊन त्याला चारचौघांत झापलं. त्याने पटाशी खाली ठेवली.

"तू लढ, बाबा. मला मुतायचंय."

मी संतापून तिथून निघालो.

इस्त्रीचा गलाबिया, आमचा पायघोळ झगा, घालून तो कॅमेऱ्यापुढे बोलला. सुयांनी काही आठवडे बरं वाटल्यासारखं झालं. मग धार बारीक झाली, थेंबांवर आली, आणि एका सकाळी तीही थांबली. पोट नगाऱ्यासारखं. मीच त्याला इस्पितळात नेलं. ओटीपोटातून मूत्राशयात नळी घातली तेव्हा कुठे सुटला.

शेजारच्या खाटेवर तापाने फणफणलेला बयूमी होता, आमच्याच गल्लीतला गादीवाला. दुखणं तेच. शहाताची चित्रफीत पाहून त्याने नरमीनबाईंनी दिलेली शस्त्रक्रियेची तारीख सोडली होती आणि नदीकाठी सुया घेतल्या होत्या. आता आत पू झाला होता.

"उस्ता, तुमचं तर बरं झालं होतं ना? मग मलाच का लागू पडलं नाही?"

शहाता भिंतीकडे वळला. मला वाटलं, आता झोपेचं सोंग घेणार. पण तो वळून उठून बसला.

"माझं तेव्हाही अडलेलंच होतं, बयूमी. मी खोटं बोललो."

बयूमीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो जमिनीवर थुंकला. नर्स ओरडली.

गालाची कातडी द्यायला तो आता तयार आहे. ती चित्रफीत काढा म्हणून मी दवाखान्यात जाऊन तमाशा केला. तिथल्या गुळगुळीत पोराने मला चहा विचारला. चित्रफीत अजून चालूच आहे. तिच्याखाली माणसं दवाखान्याचा पत्ता विचारतात.