ग्राफिक्स कार्डाची हळद

अमळनेरात लग्न कोणाचंही असो, नवरी किती रडली हे दिपमाला भदाणे ठरवते. रडणारी रडते तिच्या मनानं. पण ते रडणं किती वेळ दाखवायचं, त्यावर सनई टाकायची की बासरी, आणि त्याच वेळी मागं उभा राहून गुलाबजाम गिळणारा मामा कापायचा की राहू द्यायचा, हा सगळा अधिकार दिपमालाचा. मामा ती शक्यतो ठेवते. म्हणते, "रडू सगळ्यांच्याच लग्नात असतं. मामा ज्याचा त्याचा."

व्हिडिओ मिक्सिंगच्या या धंद्यात ती आली ती रागानं. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या व्हिडिओत स्टुडिओवाल्यानं फिरत्या गुलाबात नवरदेवाचा चेहरा बसवला आणि नवरीचा बसवायला तो विसरला. "अख्ख्या फिल्ममध्ये माझा शालू होता, मी नव्हते," असं ती अजून सांगते. तिचा नवरा समाधान एसटीत कंडक्टर. त्यानं बायकोचा राग ओळखला आणि कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर आणून पुढच्या खोलीत ठेवला. दिपमाला बघून बघून शिकली आणि गावातल्या लग्नांची मालकीण झाली.

माहेर तिचं धुळ्याचं. शहरात वाढलेली, त्यामुळं बोलते शाळेतल्यासारखी मराठी. सासू वच्छलाबाई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. सासू अहिराणीत विचारते, सून मराठीत उत्तर देते, आणि दोघींचं झकास जमतं. भांडणसुद्धा दोन भाषांत होतं, म्हणून ते लांबत नाही.

यंदा श्रावणाच्या तोंडावर कौतिक नाना दारात आले. कौतिक नाना म्हणजे आमच्याकडचे अहिराणी गाण्यांचे गायक. हळदीला, वरातीला, मोबाइलवर, सगळीकडं त्यांचाच आवाज. दर वर्षी त्यांच्या गाण्याचा व्हिडिओ सुरतेला तयार व्हायचा. या वर्षी कानबाईचं गाणं त्यांनी दिपमालाकडं दिलं.

"पोरी, सुरतवाला आपली कानबाईले गरबामा नाचाडस," नाना म्हणाले. "तू घरनी शे. तू कर. पन कानबाई बसाना पहिले गाणं लोकेसना फोनमा पाहिजे. मांगतून त्याले कोन दखी?"

खरंच होतं. कानबाई ही आमची देवी. ती नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. नारळाला नथ, डोळे, साज चढवून बायका तिला चौरंगावर मांडतात, भाऊबंद जमून प्रसादाचे रोट खातात, आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. गाणं वाजायचं ते त्याच दोन दिवसांत. सोमवारी संध्याकाळी त्या गाण्याला पुढच्या श्रावणापर्यंत कोणी हुंगत नाही.

दिपमालानं काम घेतलं आणि जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. बोरी नदीवरचं शूटिंग, बायकांच्या रांगा, उडणारा गुलाल, एवढं सगळं त्याच्या गळ्याखाली उतरेना. गाणं अर्ध्यात आलं की तो गप्प बसायचा. तेव्हा ती बस पकडून धुळ्याला गेली आणि तौफिकच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन आली. चांगलं विटेएवढं, दोन पंख्यांचं.

या घरात नवी वस्तू आधी देवापुढं जाते. दिपमालानं डबा देवापुढं ठेवला आणि हातपाय धुवायला ती मोरीवर गेली. जाता जाता सासूला म्हणाली, "आत्या, कुंकू नका लावू हं त्याला." मागं दसऱ्याला कीबोर्डवर कुंकू सांडलं होतं आणि त्याची काही बटणं कायमची अडकून बसली होती. वच्छलाबाईंनी मान डोलावली.

डबा उघडून त्या बघत होत्या. "हाई काय शे वं? इतलं जड!"

"यानं व्हिडिओ पटकन तयार होतो," मोरीवरून उत्तर आलं.

"मंग इतला दिन तू हातघाई कांडी रायंती का?" वच्छलाबाईंनी हातानं कांडून दाखवलं.

चहा पिऊन दिपमालानं कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि कार्ड खट् आवाज येईपर्यंत त्याच्या खाचेत दाबून बसवलं. बटण दाबलं. दोन्ही पंखे फिरले, पडदा काळाच. झाकण काढताना सोडलेली मॉनिटरची वायर लावायचीच राहिली होती. कपाळावर हात मारून तिनं ती कार्डाला लावली. तरी काळा. परत जुन्या जागी लावली तर कॉम्प्युटर सुरू झाला, सगळ्या भागांची नावं त्यानं दाखवली, पण कार्डाचं नाव कुठं नाही. मांडवात पाहुणा बसलाय, हातानं वारा घेतोय, आणि घरवाले म्हणताहेत असा कोणी आलाच नाही.

तिनं करंट देणारी वायर काढून घट्ट लावली. सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं. कार्ड उपसून पुन्हा बसवलं. समाधानचा गाडीतून फोन आला, "बंद करून चालू करून बघ ना."

"तुमची एसटी तशीच चालू होते का?"

"तशीच होते," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती अख्खा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसली. तौफिकनं झाकण काढलं, कार्ड बाहेर घेतलं, ड्रॉवरमधला शाळेतल्या पोरांचा खोडरबर काढून कार्डाच्या सोनेरी कडेवर दोन हात मारले, फुंकर घातली आणि कार्ड बसवलं. लगेच पडद्यावर कार्डाचं नाव आलं. मोठ्या अक्षरात, नवरदेवासारखं.

"भाभी, हे तर पळतंय," तौफिक म्हणाला. "मी काय करू आता? बिमार नसलेल्याला सुई टोचू?"

"घरी चालत नाही हो."

"मग घराला दाखवा डॉक्टरला."

जड कार्ड बसच्या दणक्यानं खाचेत मोडू नये म्हणून त्यानं ते काढून परत डब्यात भरून दिलं. घरी आल्यावर डबा सवयीनं देवापुढं गेला, दिपमाला मोरीवर गेली, चहा झाला, कार्ड बसलं. पंखे फिरले. पडदा काळा.

त्या वेळी मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नेमका नानांचा फोन. "पोरी, शनवार लगून दे. नही तं मी सुरतले धाडी देसू. राग नको धरजो, मन्हा बी विलाज नही शे." नाना रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते समजुतीनं बोलले. गाणं गेलं तर त्याच्या मागं बाकीच्या गायकांची गाणीही जाणार, आणि दिपमालाकडं उरणार रडणाऱ्या नवऱ्या आणि मामा.

शनिवारी सकाळी ती पुन्हा तौफिकच्या दुकानात. आता तिनं ठरवलं होतं, याच्या हातांवरची नजर काढायची नाही. स्टूल ओढून ती त्याच्या कोपराशी बसली.

"भाभी, उजेड अडतोय."

"अडू द्या. काय काय करता ते तोंडानं सांगत करा."

"सांगण्यासारखं काय? हे काढलं. हे पुसलं..."

"का पुसलं?"

"सवय. उस्तादानं शिकवलंय, कार्ड हातात आलं की आधी कड पुसायची. नवं असो, जुनं असो."

दिपमालाचं लक्ष काउंटरवर गेलं. खोडरबराचा चुरा पिवळा पडला होता.

"हे काय निघतंय?"

"सोन्याचं पाणी असेल. हलका माल देतात हल्ली कंपन्या."

तिनं चिमूटभर चुरा उचलून नाकाशी नेला. आणि ती इतकी मोठ्यानं हसली की शेजारच्या दुकानातला झेरॉक्सवाला डोकावला. वर्षातले किती दिवस ती पडद्यावर हळदीचे कार्यक्रम बघत बसते! पाटावर बसलेली नवरी, वाटीत तेलात कालवलेली हळद, गालाला, हाताला, पायाला. तो वास घरी रोज सकाळी पूजेच्या ताटातून येई. सोन्यावर पिवळं; दिसणार कोणाला?

"तौफिकभाई, कंपनीला शिव्या नका देऊ. माल माझ्या घरचा आहे, सासूच्या पूजेची हळद!"

तौफिकनं चुरा हुंगला. मग हात जोडले. "वायरस पाहिला, उंदीर पाहिला, झुरळ पाहिलं. सासू पहिल्यांदा पाहिली."

दुपारच्या बसनं ती घरी पोचली तेव्हा वच्छलाबाई दारातच हळदीची वाटी घेऊन उभ्या होत्या. उद्याच्या कानबाईसाठी गहू निवडून झाले होते, रांगोळी झाली होती. दिपमालानं डबा पाठीमागं लपवला.

"आत्या, थांबा. याला हळद तुम्ही लावत होता?"

"मंग? नवी येस घरमा, तिले हयद नको का? तू कुंकूले नही म्हने, म्हनीसन कुंकू नही लायं." वच्छलाबाईंना आपल्या आज्ञाधारकपणाचं जरा कौतुकच वाटत होतं. "नि बसमा बशीसन धुयाले जाईसनी उनी, दखनारासनी नजर लागस. म्हनीसन परत लाई."

"आणि लावली कुठं? या सोनेरी पट्टीला?"

"सोनं जठे तठेच लावतस ना वं?"

आता या बाईला काय सांगायचं? उद्या सण. दिपमालानं कार्ड हळूच बाहेर काढलं आणि सासूच्या डोळ्यांसमोर धरलं. "आत्या, ही पट्टी हिचं तोंड आहे. इथून ती कॉम्प्युटरशी बोलते. तुम्ही तोंडात हळद भरली. नवरीच्या तोंडात कोणी हळद भरतं का?"

वच्छलाबाईंनी वाकून पट्टीकडं बघितलं. हातातली वाटी हलली, मग खांदे हलले, मग त्या उंबऱ्यावर बसून पदरात तोंड घालून हसू लागल्या. "अरे माय! म्हनीसन मुकी व्हती का! मी म्हनू, धुयाले बोलस नि मन्हा घरमा तिले काय रुसाले व्हयनं!"

"कपाळ इकडं आहे. इथं लावा." दिपमालानं कार्डाची पाठ पुढं केली. वरची धातूची पाटी, चांगली ऐसपैस. वच्छलाबाईंनी बोट बुडवलं आणि तिथं हळदीचा ठसठशीत टिळा लावला. मग कार्ड कोणाच्याही हाती न देता दिपमालानं ते सरळ खाचेत नेऊन बसवलं. सासू पाठीमागं, वाटी अजून हातात.

पडद्यावर नाव आलं.

"बोलनी का?"

"बोलली."

"दख. कपाये लागनी नि बोलनी." वच्छलाबाईंनी आपला मुद्दा सोडला नाही, आणि दिपमालानं तो खोडलाही नाही. तिला काम होतं. गुलाल उडाला, नदी चमकली, बायकांच्या रांगा अडखळल्याशिवाय गेल्या, आणि दिवेलागणीला गाणं नानांच्या फोनवर पोचलं. नानांचा निरोप आला तो फक्त एवढाच, "आते सुरतवाला नाचाडो कोनले बी."

रविवारी कानबाई बसली. गल्लीत ज्या घरात जावं तिथं कौतिक नानांचा आवाज. वच्छलाबाईंनी रोटाची कणीक मळता मळता दिपमालाला फोनवर गाणं लावायला लावलं, आणि शेवटी नावं यायला लागली तशी म्हणाल्या, "थांबाड. तुनं नाव कोठे शे?"

दिपमालानं गाणं थांबवलं. पडद्यावर अक्षरं उभी राहिली : संकलन, दिपमाला भदाणे.

"हाई का?"

"हो, हेच."

वच्छलाबाईंनी कणकेचा हात पुसला, पूजेच्या ताटातल्या वाटीत बोट बुडवलं आणि फोनच्या काचेवर, बरोब्बर त्या नावावर, हळद लावली. दिपमालानं फोन मागं घेतला नाही.